राज्यमातेचे शेण आणि परदेशी पोटॅश

महाराष्ट्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ असा सन्मान दिला. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु मातेला सिंहासनावर बसवायचे आणि तिने दिलेले धन गटारात सोडायचे, ही कोणती मातृभक्ती? हा प्रश्न परक्यांना नव्हे, गायीचा जयजयकार करणाऱ्या आपल्यालाच विचारायचा आहे.

जुन्नर तालुक्यातील राजुरी हे दुधाचे गाव. जवळच आळेफाट्याची कांद्याची बाजारपेठ. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा. जमिनीच्या पोटात वाढणाऱ्या या पिकांना भुसभुशीत माती हवी आणि पोटॅश तर भरपूर हवे. गोठा आणि वावर यांचा असा योग जुळलेला असताना शेतकरी खताच्या दुकानासमोर रांगेत का उभा राहतो?

हिशेब साधा आहे. एक गाय दिवसाला १५ किलो शेण देते असे धरले, तरी दहा गायींचा गोठा वर्षाला ५४ टनांहून अधिक ओले शेण देतो. हे शेण रस्त्याकडेच्या उघड्या उकिरड्यावर पडते. उन्हाने त्यातील नत्र उडून जाते, पावसाने सत्त्व वाहून जाते आणि उरतो तो चोथा. गोमूत्राची कथा त्याहून करुण. जनावराच्या मलमूत्रातील सुमारे निम्मे नत्र आणि बहुतांश पालाश मूत्रात असतो. सिमेंटचा गोठा धुतला की तो पाण्याबरोबर ओढ्याला मिळतो. हाच पालाश ‘म्युरिएट ऑफ पोटॅश’ या नावाने कॅनडा, रशिया, बेलारूसहून बोटीने येतो. देशाची या खताची जवळजवळ सर्व गरज आयातीवर भागते. घरचे ओढ्यात आणि परक्याचे पोत्यात! स्वदेशीचा उच्चार करणाऱ्यांनी या व्यवहाराला काय नाव द्यावे?

मात्र श्रद्धेच्या भरात कच्चे शेण वावरात ओतणे हाही अविचारच. कच्च्या शेणात हुमणीचे भुंगेरे अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या मुळे व कंद कुरतडतात. ताज्या खतात गाजराला फाटे फुटतात. शिवाय जो भाग आपण खातो, तोच मातीत लोळत असतो. रोगजंतूंचा धोका उघड आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो, त्याला कच्चे शेण घातल्यास काढणीपूर्वी किमान १२० दिवसांचे अंतर लागते. आपला बटाटा त्याआधीच बाजारात पोहोचतो. म्हणजे कुजवल्यावाचून गत्यंतर नाही.

कुजवण्याची विद्या आपल्याला परकी नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांची कंपोस्टची प्रसिद्ध पद्धत आपल्याच इंदूरच्या भूमीत आकाराला आली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ‘नाडेप’ टाके दिले : १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, जाळीदार भिंतींचे. सुमारे १०० किलो शेण, काडीकचरा, माती आणि पाणी एवढ्यावर तीन-चार महिन्यांत जवळपास तीन टन खत मिळते. मेंढरांचा कळप शेतात बसवून लेंडीखत घेण्याची रीतही या भागात जुनीच. भटकणारा धनगर आणि स्थिर कुणबी यांना एका बांधावर आणणारी ही व्यवस्था कोणत्याही सरकारी योजनेहून वयाने मोठी आहे.

मग अडते कुठे? धोरणात. २०२२-२३ मध्ये केंद्राचे खत अनुदान सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर गेले. त्याच केंद्राने २०२३ मध्ये गोबरधन प्रकल्पांतील सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपये साहाय्य मंजूर केले, ते प्रथमच आणि १४५१ कोटींच्या तरतुदीत. शिवाय ते प्रकल्पाच्या खताला. गोठ्यामागे स्वतः खत कुजवणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात त्यातले काय पडते?

‘शेणावर देश जगत नाही’ असे कोणी म्हणेल. रासायनिक खत एका रात्रीत बंद करा, असे आमचे म्हणणे नाहीच. श्रीलंकेने २०२१ मध्ये तो प्रयोग केला आणि त्याच वर्षी मागे घेतला. आमचे म्हणणे एवढेच, की आधी घरचे संपूर्ण वापरा, उणे पडेल तेवढेच बाहेरून आणा.

यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. गोठ्यामागे मूत्रासाठी सिमेंटची छोटी टाकी, शेणासाठी सावलीतला खड्डा अथवा नाडेप टाके : प्रत्येक शाखेच्या गावात कार्यकर्त्याने आधी स्वतःच्या घरी हे करावे, मग शेजाऱ्याला सांगावे. शहरातील गृहिणीनेही बटाटा घेताना तो कोणत्या खतावर वाढला, हे एकदा विचारून पाहावे. गाहक विचारू लागला की बाजार ऐकतो. वसुबारसेला गायीच्या पायांवर पाणी घालणारे हात वर्षभर तिचे शेण नीट सांभाळतील, तरच ती पूजा मातीपर्यंत पोहोचेल.