तिखट मोदक आणि वृद्धांचा घास

वाचकहो, मधुमेही आजोबांसाठी गुळाऐवजी तिखट सारणाचे उकडीचे मोदक चालतील का? चालतील, परंतु सारण बदलले तरी पारी तांदळाचीच राहते. दोन मोदक घेतल्यास त्या जेवणातील भात वगळावा.

मुगाची डाळ दोन तास भिजवून भरड वाटावी व जिरे, आले, हळद घालून थोड्या तेलावर मोकळी होईपर्यंत परतावी. हिवाळ्यात तुरीचे सोले ठेचून घ्यावेत. आपल्या वाशीमकडे याहून रुचकर सारण नाही! रक्तदाब असल्यास मीठ बेताचेच.

चीनमध्ये असे खारे गोळे चिकट तांदळाच्या पिठाचे करतात. त्या तांदळात अमायलोज जवळजवळ नसते, म्हणून तो चिवट होतो. जपानमध्ये तशाच तांदळाचा मोची घशात अडकून नववर्षात वृद्ध दगावतात. आपली उकड तितकी चिवट नसते. तरीही कवळी वापरणाऱ्यांना ताठ बसवून, लहान तुकडे करून मोदक द्यावा. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊच नये.

घास अडकून माणूस जोराने खोकत असेल, तर खोकू द्यावे. आवाजच निघेनासा झाला, तर पाणी पाजू नये. पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा माराव्यात. तरीही घास न निघाल्यास मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत व वर असे पाच झटके द्यावेत. घास निघेपर्यंत हे आलटून-पालटून करावे. तोवर दुसऱ्याने 108 क्रमांकावर दूरध्वनी करावा.