चिपटंचाईचे सगळे खापर करोनावर नको



सेमीकंडक्टर प्रकल्पाची नवी घोषणा झाली की ‘आता चिपटंचाईची चिंता मिटली’ असा सूर लागतो. भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा लघुउद्योजक म्हणून मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. २०२१ची टंचाई नुसत्या करोनामुळे आली नव्हती. हाताशी साठा न ठेवता खरेदी करण्याची सवय तिच्या मुळाशी होती.

२०२०च्या पूर्वार्धात गाड्या खपणार नाहीत या भीतीने वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर रद्द केल्या. लॅपटॉप आणि गेमिंग उपकरणांची मागणी मात्र वाढत होती, म्हणून चिप कारखान्यांनी मोकळी झालेली क्षमता तिकडे वळवली. काही महिन्यांतच गाड्यांना गिऱ्हाईक परतले, तेव्हा वाहन कंपन्या रांगेत मागे पडल्या होत्या. चिप तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात. घाई करून ती मिळत नाही. पुढे २०२१मध्ये टेक्सासमधील हिमवादळ, जपानमधील रेनेसास या चिप कंपनीच्या नाका कारखान्याची आग आणि मलेशियातील टाळेबंदी यांनी दुखणे वाढवले.

टोयोटाने जपानमधील २०११च्या भूकंपानंतर पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला होता. त्यामुळे सुरुवातीला तिचे उत्पादन इतरांपेक्षा सुरळीत राहिले. सप्टेंबर २०२१मध्ये तिलाही कपात करावी लागली, हे खरे. पण साठ्याने सावरायला वेळ मिळाला.

त्याच महिन्यात मारुती सुझुकीचे उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल, असे कंपनीने जाहीर केले. ग्राहकांचे वेटिंग बातम्यांत आले. छोट्या व्हेंडरचे हाल आले नाहीत. एका चिपसाठी गाडी अडली की तिच्यात बसणाऱ्या पत्र्याच्या भागांचेही शेड्यूल कापले जाते. कच्चा माल भरलेला, बँकेचे हप्ते चालू आणि कंत्राटी कामगारांना घरी बसवण्याची वेळ.

देशात चिपचा कारखाना झाला की प्रश्न सुटेल, असेही नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये नेक्सपेरिया या चिप कंपनीवरून नेदरलँड्स आणि चीन यांच्यात वाद पेटला. तिचे वेफर युरोपात बनतात, पण पॅकेजिंग मोठ्या प्रमाणात चीनमध्ये होते. चीनने निर्यात रोखताच साध्या, स्वस्त डायोड-ट्रान्झिस्टरसाठी जगभरच्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. वाहन कंपन्यांनी स्वस्त, जुन्या तंत्राच्या चिपचा किमान तीन महिन्यांचा साठा ठेवावा. सरकारने अत्याधुनिक चिपइतकेच लक्ष या साध्या चिप आणि त्यांच्या पॅकेजिंगकडे द्यावे. आणि शेड्यूल ऐनवेळी रद्द केल्यास तयार मालाचे पैसे देणे कंपन्यांना बंधनकारक करावे. ४५ दिवसांत देयक चुकते करण्याचा नियम स्वीकारलेल्या मालाला लागू होतो. जो मालच उचलला नाही, त्याचा भार आज लहान कारखानदार एकटा सोसतो. साठा न ठेवून वाचलेला पैसा मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदात जातो. मग त्यातला धोकाही त्यांनीच उचलला पाहिजे.

– एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे