चौथी आधी, तिसरी नंतर

परवा डहाणू लोकलमध्ये, बोईसरला चढलेल्या एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर तीन फोल्डर दिसले: ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’. मला आपलं तारापूर आठवलं. तिथली चौथी अणुभट्टी २००५ साली सुरू झाली, तिसरी २००६ साली. नुसत्या आकड्यावरून क्रम कळत नाही. त्याच २००५च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स या संगणकप्रणालीच्या कामासाठी ‘गिट’ हे बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिलं. कोणती ओळ कोणी, कधी बदलली हे गिट जपून ठेवतं. ‘का’ ते मात्र माणसानेच लिहायचं असतं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अनोळखी माणसं एकमेकांवर विसंबतात ती या नोंदींच्या जोरावर. म्हणून काय बदललं हे न सांगता नवी आवृत्ती सोडणं हा बेजबाबदारपणाच. पोरांनो, गिट फुकट आहे. याच सुट्टीत शिकून घ्या.