पेढे वाटण्यापूर्वी

बडोदे असो, इंदूर असो वा हैदराबाद, नोकरीचे पत्र म्हणजे टपालाने आलेला खाकी लिफाफा, आत सही आणि शिक्का, ही आपल्या घरांची जुनी ओळख. आता भरतीचे काम पाहणाऱ्या संगणक-प्रणालीतून ते येते. मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाईलवर दुवा येतो, तो उघडला की पत्र दिसते. खाली स्वीकाराचे बटण आणि अमुक दिवसांत उत्तर द्यावे अशी मुदत. पेढे आणावयास कोणी धावण्यापूर्वी हे पत्र कसे तयार होते, ते वाचकांनी जाणून घ्यावे.

कंपनीजवळ मजकुराचा साचा असतो. नाव, हुद्दा, वेतन, रुजू होण्याची तारीख एवढ्या जागा रिकाम्या. त्या प्रणाली भरते. वरिष्ठांची आणि हिशेब-विभागाची मंजुरी मिळाली की पत्र रवाना होते. ते कोणी आरंभापासून अखेरपर्यंत वाचलेच असेल, असे समजू नये. आपल्या नावांचेच पाहा. मराठी नाव तीन पदरी, अर्जातील चौकटी मात्र पुष्कळदा दोनच. कोणी वडिलांचे नाव गाळतो, कोणी ते स्वतःच्या नावाला जोडतो. परिणामी पत्रावर एक नाव, पदवीवर दुसरे, आधारवर तिसरे! पडताळणीच्या वेळी हे निस्तरताना नाकी नऊ येतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या तर विशेषच.

वेतनाचा मोठा आकडा बहुधा 'सीटीसी'चा, म्हणजे कंपनीस पडणाऱ्या वार्षिक खर्चाचा असतो. त्यात भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा आणि अनेकदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. दरमहा हाती काय पडेल, ते निराळे विचारावे.

खरा प्रश्न आहे तो हातातल्या नोकरीच्या राजीनाम्याचा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देकार हा स्वीकारापूर्वी मागे घेता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १०-अ सांगते, की इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने करार निष्फळ ठरत नाही. तेव्हा ते बटण दाबणे हा पोरखेळ नव्हे. परंतु स्वीकार केला म्हणजे नोकरी हाती आली, असेही नाही. पत्रातच बारीक अक्षरांत पडताळणीच्या, कधी वैद्यकीय तपासणीच्या अटी असतात. २०२२ साली देकारपत्रे मिळालेल्या काही अभियंत्यांना रुजू होण्यासाठी दोन वर्षे तिष्ठावे लागले, हे वृत्तपत्रांतून गाजलेच आहे.

संगणक कंपन्यांत राजीनाम्याची पूर्वसूचना पुष्कळ ठिकाणी ९० दिवसांची असते. नवी कंपनी घाई करते, जुनी सोडीत नाही आणि मुलगा मधल्या मध्ये लोंबकळतो. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे, की पडताळणी रुजू होण्यापूर्वी पुरी होणार की नंतर, हे लेखी विचारावे आणि उत्तर आल्यावाचून राजीनामा देऊ नये. पत्रातील मुदतीचा धाक बाळगण्याचे कारण नाही. ती भरती विभागातील माणसानेच घातलेली असते. सकारण विनंती केल्यास तो बहुधा वाढवूनही देतो. आणि स्वीकार केल्यावर दोन्ही बाजूंच्या सह्यांची प्रत त्याच दिवशी उतरवून घरी छापून ठेवावी, कारण मुदत सरली की तो दुवा पुन्हा उघडेलच असे नाही.