पिंजरा कशासाठी?

सेवाग्राम आश्रमात बापूंच्या मोजक्या वस्तूंबरोबर साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजराही पाहावयास मिळतो. १९३६ साली गांधीजी येथे राहावयास आले, तेव्हा साप हा या परिसरातील नित्याचा पाहुणा होता. त्यास मारावयाचे नाही, पकडून दूर सोडून द्यावयाचे, असा आश्रमाचा रिवाज होता. तो पिंजरा साप ठेवण्यासाठी नव्हता, सोडण्यासाठी होता.

हा भेद आज वर्धेकरांनी ध्यानात घेण्याची वेळ आली आहे. शहरांतून अजगर पाळण्याची नवी हौस फोफावत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात खाऊच्या पुड्यांत दडविलेले आफ्रिकी बॉल अजगर सापडले. मागणी असल्याखेरीज असा माल येत नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको.

आपल्याकडील अजगरास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय दिले आहे. तो पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे त्यास पकडणाऱ्यास तीन ते सात वर्षांचा कारावास होऊ शकतो. परदेशी जाती मात्र दीर्घकाळ या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातील जातींची नोंद करणे आणि त्यांची पैदास करण्यास परवाना घेणे बंधनकारक झाले. उशिरा का होईना, हे योग्यच झाले.

हौशी मंडळींचा युक्तिवाद असा की, प्राणी जवळ बाळगल्यावाचून त्याचे ज्ञान होत नाही. यात तथ्य नाही असे नव्हे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायू आकुंचित करते आणि त्या उष्णतेने अंडी उबविते. शीतरक्ताच्या प्राण्यातील हा चमत्कार १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील मादीवर मोजमाप करूनच सिद्ध झाला. परंतु ते कार्य संस्थेचे होते, तेथे तज्ज्ञ होते आणि नोंदी होत्या. दिवाणखान्यातील काचपेटीत असले शास्त्र क्वचितच जन्मते.

दुसरा युक्तिवाद पैदाशीने जात वाचते हा. पण जिला रान उरले नाही, तिची पिल्ले सोडावयाची कोठे? आणि परदेशी जातीची सुटली तर काय होते, हे अमेरिकेतील फ्लोरिडाने अनुभवले आहे. तेथे पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले ब्रह्मदेशी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत फैलावले. तेथील कित्येक सस्तन प्राण्यांची संख्या कमालीची घटल्याचे २०१२ च्या पाहणीत आढळले. त्याच वर्षी त्या अजगरांच्या आयातीस बंदी झाली; परंतु तोवर घोडे पागेबाहेर गेले होते.

तात्पर्य, जखमी अजगरावर उपचार करणे, शेतात नांगराखाली सापडलेली अंडी वनखात्याच्या देखरेखीखाली उबविणे आणि पिल्ले पुन्हा रानात पोहोचविणे हे कर्तव्य होय. त्यासाठी पिंजरा हवाच. केवळ शौकासाठी किंवा विक्रीसाठी जीव कोंडणे हा मात्र निराळा व्यवहार आहे.

या जिल्ह्यात बोरचे जंगल आहे. १९७० साली ते अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अजगर दाखवावयाचा असेल, तर ते रान राखण्याचा धडा प्रथम द्यावा. शेतात अजगर दिसताच काठी शोधणारा आणि त्यास घरी नेऊ पाहणारा, दोघांसही वनखात्यास कळविण्याची सवय लावावी. सेवाग्रामच्या पिंजऱ्याचा अर्थ इतका साधा आहे.