पोर्तुगालच्या पंगतीत

आपल्यापैकी काही कुटुंबे हल्ली पोर्तुगालच्या सहलीला जाऊन येतात. परतल्यावर वाद ऐकू येतो तो जेवणाचा. एक पक्ष म्हणतो, परक्या खाणावळीत पाऊलच ठेवू नये; खोलीत बसून डब्यातला टूना खावा. दुसरा म्हणतो, तेथील ‘अल्हेरा’ हे सॉसेज तर यहुद्यांनीच काढलेले, मग हरकत कसली? माझ्या मते हे दुसरे म्हणणे अधिक धोक्याचे आहे.

अल्हेराची कथा अशी सांगतात. राजा मानुएलने १४९६ मध्ये यहुद्यांना देशत्यागाचा हुकूम दिला व १४९७ मध्ये त्यांचा बळजबरीने बाप्तिस्मा करविला. घरोघरी चुलीवरच्या धुरात डुकराच्या मांसाची सॉसेजे टांगलेली असत. ज्याच्या घरी ती नसत त्याच्यावर शेजाऱ्यांचा डोळा. म्हणून त्या लोकांनी पाव, लसूण व कोंबडीचे मांस भरून तशीच दिसणारी सॉसेजे केली. अभ्यासक या कथेविषयी शंका घेतात. परंतु १५३६ मध्ये स्थापन झालेले तेथील इन्क्विझिशन १८२१ पर्यंत टिकले, आणि डुकराचे मांस टाळणे हा त्यापुढे संशयाचा पुरावा ठरे, हे निर्विवाद आहे. हा इतिहास आपल्या कोकणापासून दूरचा नाही. चौल-रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगिजांकडे होते, आणि गोव्यात यहुदी वंशाचे वैद्य गार्सिया द ओर्ता यांची हाडे १५८० मध्ये थडग्यातून उकरून जाळण्यात आली.

आज मिळणाऱ्या बहुतेक अल्हेरांत डुकराचे मांस वा चरबी असते. जे टाळण्यासाठी लोकांनी जीव धोक्यात घातला, तेच घालून केलेला पदार्थ आपण त्यांच्या नावाने कौतुकाने खावा, याला काय म्हणावे?

म्हणून पंगत सोडावी असे मात्र नाही. लिस्बनमध्ये आम्ही सहा जण एका लहानशा खाणावळीत बसलो. वाढप्याला अल्हेराविषयी विचारताच तो आत जाऊन आला आणि “डुक्कर आहे” असे सरळ सांगितले. मग आम्ही ‘बाकल्याव’ मागविला. हा खारवून सुकविलेला कॉड मासा. त्याला पंख आहेत, खवलेही आहेत. आपल्या आया खारा बांगडा भिजत घालीत तसा तोही पाणी बदलीत भिजवावा लागतो. सोबत ‘असोर्दा’ आला: शिळा पाव, लसूण, ऑलिव्हचे तेल, अंडे आणि मूठभर कोथिंबीर. युरोपात इतकी कोथिंबीर! घटकाभर सर्वजण आपापल्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊन आले.

विचारावयाचे थोडेच असते. मासा कोणत्या चरबीत तळला? ‘काल्दु व्हेर्द’ या पालेभाजीच्या सारात सॉसेजची चकती आहे काय? (बहुधा असतेच.) न मागता पुढे ठेवलेले पाव-ऑलिव्ह खाल्ले तर बिलात लागतात, हेही ध्यानात असावे, नको असल्यास ताटली परत करावी, कोणी रागावत नाही.

परक्या भांड्यांत शिजविलेले काहीच न खाणारी एक मैत्रीण आमच्यात होती. तिने संत्री सोलली, काळा चहा घेतला आणि गप्पांत सर्वांच्या पुढे राहिली. तिला कोणी आग्रह केला नाही, तिनेही कोणाच्या ताटात डोकावले नाही. बिल मात्र सहांत वाटावे, असा हट्ट तिनेच धरला.