डोकं चालवा : घोडा एक, अर्थ अनेक

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाडी जात नाही. तिथे आजही घोडा कामाला येतो. म्हणून या महिन्याचे प्रश्न घोड्यावर. दस्तरख्वानावर अम्मी-अब्बूंसोबत सोडवा. उत्तरे आधी बघायची नाहीत!

१. कोणत्या घोड्याच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात?
२. भीमा नदीकाठची, मराठा फौजेत नावाजलेली जात कोणती?
३. परदेशी घोडे जिथे उतरत, ते अलिबागजवळचे जुने बंदर कोणते?
४. अडीच घरे चालतो, बंदुकीची गोळी सोडतो, रंगाऱ्याला छतापर्यंत पोहोचवतो. तो कोण?
५. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात, ती कोण?
६. ‘घोडं कुठे अडलं?’ म्हणजे काय?

उत्तरे : १. मारवाडी, काठियावाडीचेही तसेच. २. भीमथडी. ‘थडी’ म्हणजे काठ. फौजा गेल्या, तरी फिरस्त्या धनगरांनी ही जात सांभाळली. बिऱ्हाड तिच्याच पाठीवर असते. ३. चौल. ४. घोडा : बुद्धिबळातला, बंदुकीचा आणि शिडीचा. ५. घोडी. ६. काम कशामुळे थांबले?

चार बरोबर? शाब्बास! आता दादी-नानींना विचारा, त्यांच्या गावी ‘घोडा’ आणखी कशाला म्हणत? उत्तर आम्हाला कळवा. असे शब्द विचारले नाहीत, तर त्यांच्यासोबतच निघून जातात.